एक जूनची माणसं

आमच्या कंपनीतल्या एकतीस माणसांचा जन्म एक जूनला झाला होता. बत्तिसावा मी.

अबुधाबीतल्या एका बांधकाम कंपनीत, पर्सोनेल खात्यात, मी सोळा वर्षं फाइली सांभाळल्या. ‘आखातातले तुमचे अनुभव लिहा’ असं या अंकाच्या संपादकबाईंनी कळवलं तेव्हा त्यांच्या मनात वाळूची वादळं, शेख आणि उंट असावेत. उंट मी एकदाच जवळून पाहिला. तो ट्रकमध्ये बसला होता, मी बसमध्ये, आणि सिग्नल सुटेपर्यंत त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तीच नजर मला रोज ऑफिसात मिळत असे. तेव्हा उंट वगळून लिहितो.

माझं काम सांगायला सोपं आहे. परदेशात मजुरी करणाऱ्या माणसाचं सगळं काही कधीतरी संपत असतं. पासपोर्ट संपतो, व्हिसा संपतो, लेबर कार्ड संपतं, मेडिकल संपतं. कुणाचं काय कधी संपतंय हे ज्याला पाठ असतं तो पर्सोनेल क्लार्क. बाराशे माणसांच्या तारखा माझ्या डोक्यात होत्या. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र दोनदा विसरलो. त्यावर आमच्या सौभाग्यवती, सुनंदाबाई, म्हणाल्या होत्या, “आपल्या लग्नाचं कार्ड रिन्यू करावं लागत नाही ना, म्हणून.”

आता एक जूनचं सांगतो. कोकणातल्या आमच्या गावी इंग्रजांच्या वेळची एक शाळा आहे. नाव इंग्लिश स्कूल. इंग्रजी आठवड्याला सहा तास चाले, उरलेला वेळ इंग्रजीच्या भीतीत जाई. ऐनाच्या तुळया, मंगळुरी कौलं, दारावर इमारतीचं साल कोरलेला दगड. खालचे वर्गही त्याच आवारात भरत, आणि सगळ्या मुलांची नावं दाखल करून घ्यायचे पेठे गुरुजी. आई किंवा बाप पोराला हाताला धरून उभा राही. गुरुजी विचारत, “जन्मतारीख?” समोरून उत्तर येई, “भात झोडत होतो तवा झाला.” गुरुजी पोराकडे बघत, त्याला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत, आणि टाक बुडवून लिहीत: एक जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून पोरंही जूनची. साल मात्र ते विचार करून लिहीत. लहान असून हुशार दिसलं की दोन वर्षं वाढवत. थोराड असलं की चार वर्षं कमी करत, नाहीतर ते पोर लाजून पळून जाई. त्यांना वर्ग भरायचा होता. त्या वहीतली तारीख पुढे दाखल्यावर, दाखल्यावरून पासपोर्टवर आणि पासपोर्टवरून माझ्या फाइलीत येईल, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

शाळेतला एक जण कंपनीत लागला, त्यानं दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्यानं मेहुण्याला. नव्वद-एक्याण्णवपर्यंत एकतीस जण झाले. त्यांतले बरेचसे दहावीच्या अलीकडे-पलीकडे घसरलेले. शाळेच्या भिंतीवर गुणवंतांचा फलक आहे, त्यावर यांतल्या एकाचंही नाव नाही. माझंही नाही, हे ओघानं आलंच. पण त्या फलकावरच्या कुणी हरबा पाडाव्यासारखं काम केलं असेल असं मला वाटत नाही. हरबा टॉवर क्रेन चालवायचा. जमिनीपासून साठ मीटर उंच, चहाच्या खोक्याएवढ्या केबिनमध्ये बसून, दोन टन काँक्रीटची बादली अशी खाली आणायचा की खालचा माणूस हातातली विडी टाकायचा नाही. गणितात तीनदा नापास. एकदा आमच्या इंजिनियरनं त्याला विचारलं, “वाऱ्याचा हिशोब कसा धरतोस?” हरबा म्हणाला, “साहेब, आमच्या वाडीत नारळ उतरवताना जसा धरतात तसाच.”

आणि नाना. यशवंत मांजरे. शटरिंग फोरमन. शटरिंग म्हणजे काय, हे सुनंदाला समजावून सांगताना मी मोदकाचा साचा काढून दाखवला होता. काँक्रीट म्हणजे उकड. ती मऊ असते, तिला आकार साचा देतो. सुतार लाकडाचा साचा उभा करतात, त्यात काँक्रीट ओततात, ते घट्ट झालं की साचा काढून घेतात. वर गवंडी गिलावा करतो, रंगारी रंग लावतो, इमारत इंजिनियरच्या नावावर लागते. साचा कुणाच्या ध्यानातही राहत नाही. साचा निघाल्यावर आणि गिलावा चढण्याआधी, आठ-दहा दिवस काय ते, काँक्रीटवर लाकडाच्या फळ्यांच्या रेषा उमटलेल्या दिसतात. शटरिंगवाल्याचं काम जगाला दिसतं ते तेवढेच दिवस. नाना आपल्या प्रत्येक इमारतीच्या त्या दिवसांत एकदा हात मागे बांधून आतून फिरून यायचे. कुठे रेष वाकडी दिसली तर जीभ टाळ्याला लावून ‘च्’ करायचे, आणि ज्यानं ती फळी ठोकली त्याला दोन दिवस जेवण जात नसे.

पाच-सहा वर्षं सुखात गेली. मग आमचे मॅनेजर आदिलसाहेब दुबईला कसलंसं ट्रेनिंग करून आले. आदिलसाहेब इजिप्तचे. गोल, प्रेमळ, आणि कागदाच्या बाबतीत अत्यंत कडक. ट्रेनिंगमधून त्यांनी एक कल्पना आणली: प्रत्येक कामगाराचा वाढदिवस कंपनीनं साजरा करायचा. कॅम्पच्या मेसमध्ये केक, त्यावर नाव. यादी करायला मला सांगितलं. मी तारखेप्रमाणे यादी करून बेकरीला पाठवली आणि विसरलो. एक जूनला मेसमध्ये बत्तीस केक आले. टेबलं पुरेनात. बेकरीवाल्या केरळी गृहस्थानं सगळ्यांवर गुलाबी गुलाब काढले होते. हरबानं आपल्या केकवरचं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, “ह्यो कापायचा की मोडायचा?” नानांनी आपला केक चौकोनात, काटकोन साधून कापला. बाकीचे अकराशे लोक दाराशी उभे राहून आमच्याकडे बघत होते.

आदिलसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हबीबी, तुमच्या गावात बाकीचे अकरा महिने लोक काय करतात?”

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर केक, भोवती शाळेचे लोक, आणि मला जरा बोलायची सवय. मी पेठे गुरुजींची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. “साहेब, यांतली एकही तारीख खरी नाही. कुणाचं वय दोन वर्षं जास्त, कुणाचं चार कमी. आमच्याकडे वय देव ठरवत नाही, गुरुजी ठरवतात.” सगळे हसले. आदिलसाहेब तर डोळे पुसत हसले. मी फार खूश झालो. घरी येऊन सुनंदाला आणि मुलीला तीच गोष्ट पुन्हा सांगितली. मुलगी तेव्हा सातवीत होती. ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, “बाबा, दॅट वॉज नॉट व्हेरी स्मार्ट.”

ती बरोबर होती, हे कळायला तीन वर्षं लागली.

कंपनीला शहराबाहेरच्या एका मशिदीचं काम मिळालं. मोठा घुमट, आतून पाकळ्यापाकळ्यांचा. असं काम कंपनीनं आधी केलेलं नव्हतं. नकाशे कैरोहून आले, कॉम्प्युटरवर काढलेले. नानांनी ते चार दिवस पाहिले. मग गोडाऊनच्या सिमेंटच्या जमिनीवर एक खिळा ठोकला, त्याला दोरी बांधली, आणि दोरीच्या टोकाला खडू लावून घुमटाची एक पाकळी आहे त्या मापात जमिनीवर काढली. नववीतली भूमिती, नाना म्हणायचे. पुढची शिकायच्या आधीच शाळा सुटली. इंजिनियर टेप घेऊन खडूच्या रेषेवरून रांगत गेला आणि उठून गुडघे झटकत म्हणाला, “ठीक आहे.” त्या पाकळीवरून शेकडो फळ्या कापल्या गेल्या. प्रत्येकीच्या पाठीवर नाना अक्षर लिहायचे. तळाची रांग क, तिच्यावरची ख, मग ग, घ. त्यांच्या हाताखालचे बिहारी आणि बंगाली सुतारही मुळाक्षरं शिकले. ‘ळ’ म्हणजे शेंड्याजवळची फळी, हे बांगलादेशातल्या राजशाही गावचा एक मुलगा मला अभिमानानं सांगायचा.

आणि त्याच वर्षी, एक जूनला, नाना कागदावर साठ वर्षांचे होत होते. साठनंतर लेबर कार्ड निघत नसे. निघालंच तर खास परवानगीनं, आणि ती डॉक्टर-इंजिनियरांना. सुताराला कोण देतो? कार्ड जूनच्या मध्यावर संपत होतं. तोवर साचा कसाबसा उभा राहिला असता. काँक्रीट ऑगस्टमध्ये ओतायचं होतं, साचा उतरायचा होता सप्टेंबरात.

नाना माझ्याकडे ऑफिसात आले. ते सहसा ऑफिसात येत नसत. एसीत त्यांचे गुडघे दुखत. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, “सुभाष, मला सप्टेंबरपर्यंत ठेव. पगार नको वाढवून, काही नको. तेवढं उतरलेलं बघतो आणि जातो.”

“नाना, तुमचं खरं वय किती?”

“सत्तावन्न. साडेसत्तावन्न धर. शाळेवर कौलं चढली त्या पावसाळ्यातला मी. आई खळ्यावर जायची, मला बघायला घरी कुणी नाही, म्हणून तिनं मला ताईबरोबर शाळेत आणून बसवला. गुरुजी म्हणाले, बसू दे. आणि वाढवली अडीच वर्षं.”

मला आनंद झाला. कौलं चढल्याचं साल तर दारावरच्या दगडावर कोरलेलं होतं. शाळेला लिहिलं. हेडमास्तरांनी महिन्याच्या आत शिक्का मारलेलं पत्र आणि दगडाचा फोटो पाठवला. मी नीट अर्ज तयार केला: जन्मतारखेत दुरुस्ती. आणि छाती काढून आदिलसाहेबांपुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला.

“हबीबी, त्या शाळेच्या तारखा खोट्या असतात असं तूच मला सांगितलंस.”

“ते चेष्टेत, साहेब.”

“चेष्टा खरी होती की नाही?”

मी मान डोलावली.

“हा एक अर्ज मी लेबर खात्याकडे पाठवला तर तिकडचा माणूस विचारेल, या शाळेचे अजून किती? मी काय सांगू? केक मोजलेत मी. मग एकतीस फाइली उघडतील. ज्यांची वयं जास्त लिहिलीत ते सुटतील. ज्यांची कमी लिहिलीत त्यांचं काय?” मग चष्मा परत घालत म्हणाले, “मला नाना हवेत. पण एका माणसासाठी एकतीस जणांची खात्री मला देता येत नाही. तूच सांग, मी पाठवू?”

इतका वाईट प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नाही. दोन दिवस मी तो अर्ज घरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. सुनंदा म्हणाली, “तुमच्या गोष्टी सांगण्यापायी.” इतकंच. पुढचं वाक्य तिनं गिळलं, त्यामुळे ते मला जास्त ऐकू आलं.

बातमी कॅम्पमध्ये पोचलीच. हरबा संध्याकाळी माझ्या घराखाली येऊन उभा राहिला. वर यायला तयार नाही. हरबा शाळेत आला तोच दहा वर्षांचा, म्हशी राखून झाल्यावर. गुरुजींनी त्याला सहाचा केला होता. कागदावर छप्पन्न, म्हणजे खरा साठीचा. नाना जितके तरुण निघणार, तितका हरबा म्हातारा निघणार.

“भाऊ,” तो म्हणाला, “नानांचा अर्ज अडवू नका माज्यासाठी. मी जातो घरी. नारळ हायत.” आणि मान वळवून क्रेन दिसते का ते पाहू लागला. तिथून दिसत नव्हती.

त्याच्या मागच्या दिवशीच त्यानं नानांनाही हेच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. शुक्रवारी सकाळी नाना घरी आले. सुनंदानं पोहे दिले. ते शांतपणे संपवून, हात धुऊन, टॉवेलला पुसून म्हणाले, “सुभाष, तो अर्ज दे इकडे.”

मी दिला. मला वाटलं, फाडणार. ते मीच करावं म्हणून परत घ्यायला हात पुढे केला.

“फाडतोस कशाला? पाठकोरा आहे. पोरीला गणितं करायला होईल.” मग म्हणाले, “हरब्या वेडा आहे. त्यानं वर आणि मी खाली, बारा वर्षं काम केलं. त्याची बादली डोक्यावरून जाते तेव्हा मी कधी वर बघितलं नाही. त्याला घालवून मी घुमट बघायचा होय?”

“पण नाना, तुमची चूक नाही यात. माझी आहे.”

“तुझी आहेच,” नाना म्हणाले. “पोहे छान झालेत, सूनबाई.”

जूनच्या मध्यावर साचा पुरा झाला. शेवटची ‘ळ’ नानांनी स्वतः ठोकली, कुणाला हात लावू दिला नाही. साचा काढताना टेकूंखालच्या पाचरा कुठून सैल करायच्या, हे सुतारांकडून तीन-तीनदा वदवून घेतलं: आधी शेंडा, मग गोल फिरत खाली, सगळीकडून सारखं, घाई नाही. मी त्यांची फाइल बंद केली, वरच्या कागदावर लाल शिक्का मारला आणि विमानतळावर सोडून आलो. रस्ताभर नाना गाडीच्या काचेतून दुसऱ्यांच्या इमारती बघत होते.

ऑगस्टमध्ये काँक्रीट ओतलं. एकही बादली हरबानं दुसऱ्याला उतरवू दिली नाही.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई यायच्या होत्या, दोन महिन्यांसाठी. व्हिजिट व्हिसाचा फॉर्म मी घरी जेवणाच्या टेबलावर भरत बसलो होतो. ‘वय’ या रकान्यात अडुसष्ट लिहिलं आणि सुस्कारा सोडला. सुस्काऱ्याचं कारण सुनंदानं वेगळं धरलं.

“तुम्हाला माझी आई नको आहे का?”

“नाही गं. नाना आठवले.”

ती आमटी वाढता वाढता थांबली. “माझी आई अडुसष्टची चालते, आणि नाना साठचे चालत नाहीत?”

“आई पाहुणी म्हणून येतेय. नाना कामाला—” आणि माझं वाक्य तिथेच राहिलं. बाराशे माणसांच्या तारखा डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. नानांना काम करायचंच नव्हतं. त्यांना बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आदिलसाहेबांसमोर फॉर्म ठेवला. प्रायोजक: कंपनी. वय: साठ. तारीख: एक जून, अगदी कागदाप्रमाणे, गुरुजींनी लिहिली तशी. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. चूक सापडेना.

“एक अट,” ते म्हणाले. “हातोडीला हात लावायचा नाही. खिळा उचलायचा नाही. बोट दाखवून सूचनासुद्धा द्यायची नाही. व्हिजिटर म्हणजे व्हिजिटर.”

“इन्शाल्ला, साहेब.”

“इन्शाल्ला नको. हो म्हण.”

मी हो म्हणालो.

नाना आले ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्यासारखे. सुनंदानं त्यांना आणि सासूबाईंना एकाच दिवशी पुरणपोळी केली. साचा उतरवायच्या दिवशी साइटवर त्यांना व्हिजिटरचं हिरवं हेल्मेट आणि जाड बूट मिळाले. एकोणीस वर्षांत हिरवं हेल्मेट त्यांनी कधी घातलं नव्हतं. ते जरा तिरकं बसलं. प्लॅस्टिकची एक खुर्ची ठेवली होती, तीवर ते बसले नाहीत. हात मागे बांधून उभे राहिले. शेंड्याची पहिली पाचर सैल झाली, दुसरी, तिसरी. एकदा बंगाली मुलानं उजवीकडची पाचर जरा आधी काढली. नानांचा मागचा हात सुटला, पुढे आला, आणि पुन्हा मागे जाऊन दुसऱ्या हातात अडकला. फक्त ‘च्’ असा आवाज आला. मुलगा थांबला, डावीकडे गेला. आवाजाला मनाई नव्हती.

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी दुपारी शेवटचा टेकू निघाला, फळ्या खाली आल्या, आणि घुमट आपल्या आपण उभा राहिला. हरबा क्रेनवरून उतरून आला होता, साठ मीटरची शिडी उतरून, जेवणाच्या सुटीत. आतल्या बाजूनं सगळ्या फळ्यांच्या रेषा तळापासून शेंड्यापर्यंत निघून एका ठिकाणी मिळाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात गवंडी येणार होते.

नाना कडेला थांबले. वाकले. बुटांचे बंद सोडले, बूट काढून शेजारी जोडीनं ठेवले, मोजेही काढले, आणि घुमटाखाली गेले.

सेफ्टी ऑफिसर खानसाहेब, पेशावरकडचे पठाण, धावत आले. “नानाजी, जूता पहनिये. नीचे कीलें पड़ी हैं.”

“कील अपनी है, खानसाहब,” नाना वर बघत म्हणाले. “हमको पहचानती है.”

खानसाहेब माझ्याकडे बघू लागले. मी हरबाकडे. हरबा खाली बसून आपल्या बुटांचे बंद सोडत होता. खानसाहेबांनी घड्याळात पाहिलं, वही काढली, आणि मग नाना एक पूर्ण फेरी मारून परत येईपर्यंत वहीत काहीच न लिहिता उभे राहिले. नानांची जीभ एकदाही टाळ्याला लागली नाही.

पण खानसाहेब आपल्या कामाचे पक्के. दुसऱ्या दिवशी रीतसर मेमो ऑफिसात आला: व्हिजिटर, साइटवर अनवाणी, वीस मिनिटं. आदिलसाहेबांनी तो वाचला, सही केली आणि माझ्याकडे सरकवला. “फाइल इट, हबीबी.”

मी कपाटातून नानांची बंद केलेली फाइल काढली. एकोणीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकही मेमो नव्हता. हा पहिला. दोन भोकं पाडली, कडा जुळवल्या आणि लाल शिक्क्याच्याही वर, सगळ्यांत पुढे, लावून ठेवला.